गजाआडची माणसं

संगीताच्या मैफलीची निमंत्रणपत्रिका हिशेबी नजरेनं वाचायची मला सवय आहे. सगळ्यांत मोठ्या टायपात गवयाचं नाव असतं. त्याखाली त्याचं घराणं, गुरू, पदव्या. मग उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, मग ज्यांनी सतरंज्या फुकट दिल्या त्या मंगल कार्यालयाचे मालक. आणि अगदी तळाला, दुकानदार बिलावर जिथं ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ छापतो ना, त्या जागी एक शब्द असतो : ‘साथ’. त्यातही तबलजीचं नाव जरा ठळक असतं, कारण तबलजी रुसला तर ते सभागृहाबाहेरच्या पानवाल्यालाही ऐकू येतं. सारंगीवाला किंवा व्हायोलिनवाला रुसला तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. त्याच्या नावाखाली लगेच ‘लहान मुलांना आणू नये’ ही सूचना सुरू होते.

सारंगी, व्हायोलिन, दिलरुबा, चेलो ही सगळी वाद्यं ज्या काठीनं वाजवतात तिला आपण गज म्हणतो. आणि मराठीत ‘गजाआड होणे’ म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भाषेला कधी कधी आपल्यापेक्षा जास्त कळतं ते असं. ही सगळी मंडळी गेली शे-दीडशे वर्षं गजाआडच आहेत. गुन्हा काय, तर दुसऱ्याचं गाणं सुंदर केलं!

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. आमच्या शास्त्रात प्रत्येक नावेला एक जमा लागते. गवयानं एक आलाप नावे टाकला की मागं बसलेला सारंगीवाला तोच आलाप जमेच्या बाजूला लिहितो. तान आली, लिहिली. मुरकी आली, लिहिली. गवई विसरला, तरी यानं लिहिली! तीन तास हे चालतं. रात्री दोन वाजता भैरवी होऊन ताळेबंद जुळतो तेव्हा हार एकाच बाजूला पडतात. कुठल्याही हिशेबतपासनिसानं या व्यवहारावर लाल शाईनं शेरा मारला असता.

तेव्हा या लेखापुरता मी एक बेत केला आहे. गाणाऱ्यांना जरा बाजूला बसवायचं, त्यांना चहा द्यायचा, आणि आपण गजाआडच्या मंडळींना भेटून यायचं. भेटीची वेळ फार नाही, म्हणून लगेच निघू.

हा नाद मला लागला तो बदल्यांमुळे. माझी निम्मी नोकरी साताऱ्यात झाली आणि उरलेली सांगलीत चालली आहे. दोन्हीकडं कृष्णाच, पण कान मात्र वेगळे. साताऱ्याचा माणूस गाणं कंदी पेढ्यासारखं जिभेवर ठेवून विरघळू देतो. सांगलीचा माणूस ते भडंगासारखं मूठमूठ तोंडात टाकतो आणि वर ‘तिखट कमी आहे’ म्हणून सांगतो. त्याचा तो हक्कच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं आणि बालगंधर्वांचं नागठाणेही याच जिल्ह्यातलं. त्यामुळे सांगलीत नाट्यपद न येणाऱ्या माणसाचं रेशनकार्ड कसं निघतं याचं मला नवल वाटतं.

आमच्या शाखेत एक ज्येष्ठ कॅशियर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नोटा मोजताना ते गंधर्वांची पदं गुणगुणत आणि समेवर रबर लावत. एकदा डबा खाताना मी म्हणालो,

“अण्णा, या पदात ओळ संपल्यावर सारंगी काय सुरेख बोलते हो!”

“सारंगी? कुठली सारंगी?”

“अहो, मागं वाजते ती.”

अण्णांनी माझ्याकडं खोट्या नोटेकडं पाहावं तसं पाहिलं. म्हणाले, “हां, ती होय! ती काय ऐकायची? ती असते.”

‘ती असते!’ गजवाद्यांवरची सगळी मराठी समीक्षा या दोन शब्दांत आली आहे. पंखा असतो, भिंत असते, तशी सारंगी असते. बंद पडली तरच आठवण होते.

आता ज्या गंधर्वांच्या नावानं अण्णा रबर लावत, त्यांच्याच मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा होते. नाटक कंपनीच्या पदरी असे वादक म्हणजे बैलगाडीला अरबी घोडे जुंपण्यासारखं होतं, आणि गंधर्वांनी ते जाणून केलं होतं. आपल्या गळ्याला कशाची जोड हवी हे त्यांना नेमकं कळत होतं. कळलं नाही ते ऐकणाऱ्यांना. जुन्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका कधी अशा ऐका : गायकाची ओळ सुटली की तिच्यामागून जाणारा गजाचा स्वर धरायचा आणि पुढची ओळ येईपर्यंत सोडायचा नाही. एक गोष्ट लगेच ध्यानात येते. गाणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. गजालाही टोक गाठलं की उलटं फिरावं लागतं, पण चांगला सारंगीवाला ती फिरण्याची जागा कानाला लागू देत नाही. तिथं स्वर तुटत नाही, दबत नाही, नुसता चालत राहतो. ही लपवण्याची कला या वाद्यांतली सगळ्यांत अवघड कला आहे. आणि जे मुद्दाम लपवलेलं आहे त्याला टाळी कोण देणार? आमच्या बँकेतही चूक सापडली की बोलावणं येतं. वर्षभर एकही चूक नाही, याबद्दल कुणी कुणाला बोलावून पेढा दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

सांगलीहून दहा-बारा किलोमीटरवर मिरज. इथं मात्र ‘ती असते’ म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. कारण मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब. हे किराणा घराण्याचे थोर गवई इथं येऊन राहिले. १९३७ साली ते गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात तिथं गाणंबजावणं होतं. गवई येतात, कबरीपुढं माथा टेकतात आणि गाऊन जातात. त्यांच्या गाण्याची खासियत म्हणून काय सांगतात? एकेक स्वर लांबवणं, त्याला बारीक धाग्यासारखं ताणणं, एका स्वरावरून दुसऱ्यावर कुठं सांधा न दाखवता सरकणं. पण हा सगळा गुण कुणाचा? गजाचा! खाँसाहेबांचं घराणंच मुळी सारंगियांचं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गज फिरला त्या घरातून आलेला गळा गजासारखा फिरला तर नवल नाही. म्हणजे मागं बसलेली सारंगी गळ्याची नक्कल करते, असं आपण समजतो, तेव्हा कुणी कुणाची नक्कल केली ते एकदा कागदपत्र काढून पाहायला हवं. मूळ खातं कुणाच्या नावावर आहे?

मग खाली ठेवली गेली ती सारंगीच का? त्याचं उत्तर संगीतात मिळत नाही, समाजात मिळतं. सारंगी नायकिणींच्या माडीवर वाजली. तिथं गाणं शिकवणारे उस्तादही पुष्कळदा सारंगियेच होते. बंदिशींचा खजिना त्यांच्याकडं, पण प्रतिष्ठा नाही. पुढं सभ्य माणसांनी त्या माडीवरचं गाणं उचलून सभागृहात आणलं, गाणाऱ्याच्या अंगावर शाल घातली, आणि सारंगीवाल्याला मात्र मागच्या दारानं यायला सांगितलं. कितीतरी सारंगियांच्या घरांतून पुढं गवई निपजले. वाद्य खाली ठेवलं की मान वर करता येत होती. ज्या वाद्यानं गळे घडवले, त्याच्याच घरच्यांना ते सोडून गळा धरावा लागला, ही आपल्या संगीताच्या इतिहासातली मला सर्वांत टोचणारी नोंद वाटते.

मिरजेचं एक कौतुक मात्र सांगितलंच पाहिजे. शस्त्रांना धार लावणारे इथले शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी करू लागले. पंढरपूरकडचे भोपळे इथं येतात आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तलवारीला धार लावणाऱ्या हातांनी तंबोऱ्याची जवारी लावावी, याहून चांगलं हस्तांतरण आमच्या बँकेनं तरी पाहिलेलं नाही. पण हा मान छेडायच्या तारांचा. गजाच्या तारा पुन्हा मागंच.

त्यात सारंगी हे वाद्य स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यात पटाईत. तीन मुख्य तारा तातीच्या, आणि त्यांच्याखाली पस्तीसएक तरफा. पस्तीस-चाळीस खुंट्या म्हणजे पहिल्या तारखेला काउंटरवर उभे असलेले पस्तीस-चाळीस पेन्शनर. एकाचं समाधान करावं तोवर दुसरा उतरलेला! पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. बोटांच्या टोकांनी दाबायचं म्हणाल तर तेही नाही, नखांच्या मुळाशी तार घासायची. शिकणाऱ्याची नखं सोलवटतात. याउलट पेटी. भाता ओढा, पट्टी दाबा, सूर हजर! गुमास्ता ठेवावा तशी ती आज्ञाधारक. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. या तीस वर्षांत केंद्रा-केंद्रावर सारंगीवाल्यांना निदान पगारपत्रकावर जागा होती. एका वाद्यावरची बंदी म्हणजे दुसऱ्याचं पोट, असा तो हिशेब. बंदी उठली आणि गवयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो सुरात होता, पेटीच्या!

या सगळ्यात एका माणसानं गजाआडून बाहेर पडायचं ठरवलं. पंडित रामनारायण. १९५४ साली मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात त्यांनी एकट्यानं सारंगी वाजवून पाहिली. श्रोत्यांना पुढच्या मोठ्या नावांची घाई होती. त्यांनी काही वाजवू दिलं नाही. श्रोते म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच असणार. तिकीट काढलेले, घरी जायची शेवटची गाडी डोक्यात असलेले. १९५६ साली रामनारायणांनी पुन्हा प्रयत्न केला, तो जमला, आणि हळूहळू त्यांनी साथ करणंच सोडलं. पुढं २००५ साली पद्मविभूषण मिळालं. २०२४ च्या नोव्हेंबरात, शहाण्णवाव्या वर्षी, ते गेले. त्यांची सारंगी ऐकताना मला मोठं वाटतं ते त्यांचं मौन. आलापीत ते एका स्वरावर गज इतका हळू नेतात की पुढचा स्वर येणार की नाही याची धाकधूक वाटू लागते. मागं चालायची सवय असलेल्या वाद्यानं इतका निवांतपणा घेणं, यालाच मी स्वातंत्र्य म्हणतो. ज्याला कुणाच्या मागं धावायचं नसतं तोच असा रेंगाळू शकतो.

आता व्हायोलिन. हे परदेशी पाहुणं आपल्याकडं पहिल्यांदा रमलं ते दक्षिणेत, आणि त्यात सातारकरांनी कॉलर ताठ करण्यासारखं काही आहे. तंजावरचे भोसले म्हणजे साताऱ्याच्या गादीचे भाऊबंद. १७९८ ते १८३२ या काळात तिथं सरफोजीराजे होते. त्यांच्या दरबारातल्या चार नामवंत भावांपैकी वडिवेलू हे व्हायोलिन वाजवीत. पुढं ते त्रावणकोरला गेले आणि स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना चक्क हस्तिदंती व्हायोलिन दिलं. म्हणजे आपल्या भाऊबंदांच्या अंगणात हे वाद्य मांडी घालून बसायला शिकत होतं आणि आपण इकडं त्याला ‘फिडल’ म्हणून हसत होतो!

आपल्याकडं ते खऱ्या अर्थानं शास्त्रोक्त झालं त्यात सातारा जिल्ह्यातल्या औंधाचा वाटा मोठा आहे. औंध म्हणजे यमाईचा डोंगर, पंतप्रतिनिधींचं चित्रसंग्रहालय, आणि संगीताच्या लेखी जोशीबुवांचं गाव. अंतूबुवा जोशी औंध दरबारचे गवई. त्यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या, स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला उत्सव आजही तिथं आश्विनात होतो. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा (१९११–१९८७). ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची गायकी त्यांनी आत्मसात केली होती, आणि व्हायोलिन मात्र स्वतःच्या मेहनतीनं हस्तगत केलं होतं. नावातच गज असलेल्या माणसाला गज वर्ज्य कसा असणार! माझ्या मते गजाननबुवांचं महत्त्व असं की त्यांना दोन्ही बाजू माहीत होत्या. नावेही आणि जमाही. गाणाऱ्याला वाद्यात काय दिसत नाही आणि वाजवणाऱ्याला गळ्यात काय दिसत नाही, हे एकाच माणसाला कळलं की वाद्य नक्कल करणं सोडून विचार करू लागतं. त्यांच्या वादनात रागाची बांधणी ख्यालासारखी भक्कम आहे, पण तान आली की ती गजाची तान आहे. गळ्याला जिथं वळसा घ्यावा लागतो तिथं ती सरळ जाते.

त्यांच्यानंतरचे मराठी व्हायोलिनवादक ऐकायचे तर एकामागून एक ऐकावेत, म्हणजे गंमत कळते. गोव्याच्या पार्सेचे श्रीधर पार्सेकर हे गजाननबुवांचेच शिष्य. १९६४ साली अकाली गेले. त्यांचं वाजवणं भावगीताच्या बाजूचं. स्वर लावतानाच ते त्याला थोडी लाडिक मुरड घालतात, आणि ती कधी कधी रागाला भारी होते. पण ती मुरड त्यांची स्वतःची आहे, उसनी नाही. वि. गो. जोग (१९२२–२००४) अगदी दुसऱ्या टोकाचे. लखनौला रातंजनकरांकडं शिकले, आयुष्य बरंचसं कलकत्त्यात गेलं. त्यांचा गज लयीत नाचतो. तबल्याला चिमटे काढणं, तिहाई टाकून निघून जाणं, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईशी वाद घालणं, यात त्यांचा हात कोण धरणार! मला मात्र त्यांचा विलंबित भाग थोडा घाईचा वाटतो, गाडी प्लॅटफॉर्मवर लागण्याआधीच बॅग उचलणाऱ्या माणसासारखा. आणि तिसरे आपले कोल्हापूरचे डी. के. दातार (१९३२–२०१८). त्यांच्या कानात द. वि. पलुस्करांचं गाणं कायम वस्तीला होतं. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबरांनी मिरजेत बाळकृष्णबुवांकडं जे मिळवलं, ते मुलाच्या गळ्यातून फिरून या गजात आलं. दातारांच्या वाजवण्यात एकही स्वर आवाज चढवून बोलत नाही. हा गुण इतका मोठा आहे की त्यामुळेच ते कमी ऐकले गेले असावेत. आपल्याकडं हळू बोलणाऱ्याला काउंटरवरसुद्धा शेवटी नंबर मिळतो.

आता जरा जपून बोलायचा विषय. ‘गाणारं व्हायोलिन’. प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांनी या नावानं महाराष्ट्राला वेड लावलं. ‘गीतरामायणा’पासून बाबूजींच्या कितीतरी गाण्यांत त्यांचा गज आहे. त्यांचं व्हायोलिन सुरू झालं की सभागृहातल्या बायाबापड्या मान डोलवत शब्द म्हणू लागतात. वाद्यातून शब्द ऐकू येतात, ही त्यांची किमया खरीच. शब्द तुटतो तिथं गज तुटतो, जोडाक्षरावर जरा दाब पडतो, दीर्घ वेलांटीवर गज लांबतो. व्याकरण इतकं चोख सांभाळणारा गज मी दुसरा ऐकला नाही.

पण माझी तक्रार वाजवणाऱ्याविषयी नाही, आपल्या कौतुकाविषयी आहे. व्हायोलिनची आपल्याला सुचलेली सर्वोच्च स्तुती कोणती, तर ‘अगदी गातंय हो!’ म्हणजे ते व्हायोलिन आहे हे विसरायला लावलं, म्हणून शाबासकी. उद्या एखाद्या कारकुनाला ‘तुम्ही अगदी मॅनेजरसारखे दिसता’ असं म्हटलं तर तो खूश होईल, नाही असं नाही. पण त्याच्या कारकुनीबद्दल आपण काय बोललो? शब्द ओळखीचे असले की आपण शब्द ऐकतो, आणि वाद्य पुन्हा ‘असतं’. गज जेव्हा गळ्याला न जमणारं काही करतो, दोन तारांवर एकदम बोलतो, नुसत्या घर्षणाचा खरखरीत सूर लावतो, तेव्हा आपले कान चुळबुळू लागतात. ‘गाणं कुठलं हे?’ असा प्रश्न शेजारून येतो. गाणं कुठलंच नाही हो! हे वाजवणं आहे.

चेलो हा तर गजाआडच्याही गजाआडचा. आमच्या भागातल्या माणसाची आणि त्याची गाठ पडते ती सिनेमाच्या गाण्यात, तीही न सांगता. नायक पावसात एकटा चालू लागला की खालून जो जाड, पोक्त, विधुरासारखा सूर येतो तो चेलो. त्या वाद्यवृंदांत व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत पुष्कळशी मंडळी गोव्याची होती. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं कुठं यायला! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत वाद्यवृंद उभारून आपल्या रागसंगीताला पाश्चात्त्य वाद्यमेळात बसवून दाखवलं. त्यांचं नाव अवघ्या देशाच्या तोंडी झालं ते १९७७ साली, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका सिनेमातल्या विनोदी गाण्यात ते गुंफलं तेव्हा. गाणं सगळ्यांना पाठ. माणूस कोण, ते विचारा!

चेलोनं आपल्याकडं मांडी घातल्याचीही उदाहरणं आहेत. पनवेलजवळ पळस्पे इथं झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा शिकवीत. त्यांच्याकडं शिकलेल्या नॅन्सी लेश या अमेरिकन बाई चेलोवर ध्रुपद वाजवतात. सास्किया राव-डी हास या डच बाईंनी तर आपल्या बैठकीला सोयीचा, लहान आकाराचा आणि तरफा असलेला भारतीय चेलोच करून घेतला. दोघींना ऐकून माझं मत असं झालं आहे की ध्रुपदाच्या आलापीला चेलोइतकं योग्य परदेशी वाद्य नाही. वीणेचा खर्जातला स्वर छेडला की तो मावळू लागतो आणि उरलेला कानांनी कल्पायचा असतो. चेलो तो स्वर मावळू देत नाही. यात काही हरवतं, हेही खरं. मावळण्यातली हुरहूर जाते. पण खर्जात इतका वेळ उभं राहता येतं, ही जाणीव नवी आहे, आणि ती एकदा तरी घ्यावी.

आणि साहेबांच्या देशांत सगळं आलबेल होतं असंही समजू नका. बाखनं एकट्या चेलोसाठी सहा रचना लिहून ठेवल्या होत्या. पुढं कितीतरी काळ लोक त्यांना बोटांचा व्यायाम समजत. १८९० साली पाब्लो कासाल्स नावाच्या तेरा वर्षांच्या पोराला बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांची प्रत सापडली. त्यानं बारा वर्षं तालीम केली आणि मग चारचौघांत वाजवल्या. आज त्यांच्याशिवाय चेलोची कल्पना करता येत नाही. संगीत तिथंच होतं. ते ‘असतं’ असं म्हणणारे तेवढे बाजूला व्हायला हवे होते.

आता आपल्या दारातला गज. साताऱ्या-सांगलीकडं पूर्वी सकाळच्या पारी नाथपंथी गोसावी दारावर येत. हातात किंगरी. बांबूची दांडी, तिला भोपळा, आणि केसांचा छोटासा गज. डक्कलवारांच्या हातातही हीच किंगरी. मातंग समाजाला जांबपुराण ऐकवताना ती त्यांच्या शब्दांमागून कुरकुरते. कुरकुरते हा शब्द मी कौतुकानं वापरतोय. किंगरीचा सूर गोड नसतो. तो मिठाच्या खड्यासारखा असतो. त्यात गळ्याची नक्कल करण्याची जराही हौस नाही. गाणारा सांगत असतो आणि किंगरी हुंकार भरत असते, म्हाताऱ्या आत्यानं गोष्ट ऐकता ऐकता भरावा तसा. साथ म्हणजे काय, याचं इतकं नितळ उदाहरण मला मोठ्या मैफलींत क्वचितच सापडलं. पण या संगीतावर आपण आजवर केलेली समीक्षा तीनच शब्दांची आहे : “पुढं जा, बाबा.” आणि ते गेले हो, खरोखरच पुढं गेले. आता सकाळी दारावर कुरिअरवाला येतो.

म्हणून ‘ती असते’ या वाक्याची मला भीती वाटते. जी गोष्ट ‘असते’ ती कुणी मोजत नाही, आणि जी मोजत नाहीत ती तुटीत गेलेली कळत नाही. आज पुष्कळ मैफलींत मागं नुसती पेटी असते. सारंगीचा पिढीजात वादक आपल्या पोराला दुसरं काहीतरी शिक म्हणून सांगतो, आणि कोणत्या तोंडानं आपण त्याला नाही म्हणणार?

उपाय मी कारकुनी सांगतो, म्हणजे बिनखर्चाचा. पुढच्या खेपेला औंधाला जा, मिरजेला जा, नाहीतर गल्लीतल्या गणपतीपुढच्या गाण्याला जा. पत्रिका तळापासून वरती वाचा. साथ करणाऱ्याचं नाव पाठ करा. बसताना अशी जागा धरा की त्याचा उजवा कोपर दिसेल. स्वर कुठं वळतो हे गवयाच्या चेहऱ्यावर नंतर दिसतं, त्या कोपरात आधी दिसतं. आणि गवई पाणी प्यायला थांबला की ते अर्धं मिनिट खास आपलं समजा. त्या अर्ध्या मिनिटात गज एकटा चालत असतो. कुणाच्या मागून नाही, कुणासाठी नाही, नुसता सूर धरून. आपण मात्र नेमका तोच मुहूर्त साधून शेजाऱ्याकडं वळतो आणि विचारतो, “काय म्हणतं कर्जाचं प्रकरण?”

कर्जाचं प्रकरण सोमवारी सकाळी साडेदहानंतर बघू. खिडकी क्रमांक तीन. आत्ता जरा गप्प बसा, तो वाजवतोय.